कापडी पिशवीने कृष्णा निवळेल का?

विट्याच्या एका शिक्षिकेने विचारलंय, ते थोडक्यात असं: "घरी कापडी पिशव्या, स्टीलचे डबे, जमेल तेवढा सेंद्रिय माल. वर्गात मुलांनाही तेच सांगते. तरी उन्हाळा आला की सांगलीजवळ कृष्णेत मासे मेल्याची बातमी येतेच. 'प्रत्येकाने स्वतःपासून सुरुवात केली की बदल होतो' हे मुलांना शिकवायचं की नाही? की हे सगळं सरकारने करायचं काम आहे?"

मॅडम, काटकसरीच्या आणि स्वच्छतेच्या सवयी मुलांना जरूर लावा. पण त्या सवयींनी नदी निवळेल असं सांगू नका, कारण ते खरं नाही. मी सांडपाणी शुद्धीकरणाच्या कामातला माणूस. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या छोट्या युनिटपासून साखर कारखान्यांपर्यंत प्लँट बसवण्यात आणि चालवण्यात माझी नोकरी गेली. नदी कशाने बिघडते याची यादी केली तर तुमच्या पिशवीचा नंबर पार तळाला लागेल.

मासे विषाने मरतात असा आपला समज असतो. बहुतेक वेळा ते गुदमरून मरतात. पाण्यात कुजणारी घाण आली की ती खाणारे जिवाणू वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. लिटरमागे साधारण 4 मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. काठावर फिरायला येणाऱ्यांना सकाळी सकाळी मेलेल्या माशांचा खच दिसतो तो यामुळे. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीला धार कमी आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात, म्हणजे पाणी थोडं आणि घाण जास्त.

ही घाण आम्ही बीओडीत मोजतो. घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, त्याचं ते माप. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला 200 ते 300 मिलिग्रॅम असतो. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीतून निघणाऱ्या स्पेंट वॉशचा, ज्याला आपल्याकडे सरसकट मळीचं पाणी म्हणतात, तो 40 ते 50 हजार. आता हिशोब करा. माणशी दिवसाला सुमारे 45 ग्रॅम बीओडी धरतात. 10 हजार लिटरचा एक टँकर कुणी रात्री ओढ्यात सोडून दिला, तर साधारण 450 किलो बीओडी पाण्यात गेला. म्हणजे 10 हजार माणसांचं दिवसभराचं सांडपाणी एका टँकरच्या नळीतून अर्ध्या तासात. हे गणित तुमच्या आठवीच्या वर्गाला घाला, पोरं चटकन करतील. मग त्यांना विचारा की दात घासताना नळ बंद ठेवून यातलं किती भरून निघेल.

नळाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो, कारण इथे चांगल्या चांगल्या माणसांची गल्लत होते. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज 135 लिटर धरतात आणि त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन गटारात येतं. चार माणसांच्या घरातून रोज सव्वाचारशे लिटर. तुम्ही निम्मं पाणी वाचवलंत तर धरणाचं पाणी वाचलं, पंपाची वीज वाचली, हे उत्तमच. पण नदीत जाणारा बीओडी? तो तेवढाच. माणसं तीच, जेवण तेच, संडास तोच. सांडपाणी फक्त दाट होतं. तो भार कमी करायला लागतात गटारं, पंपिंग स्टेशन आणि चोवीस तास चालणारा शुद्धीकरण प्लँट. यातलं काहीही किराणा दुकानात मिळत नाही. सांगलीचं सांडपाणी कृष्णेत आणणारा शेरी नाला वर्षानुवर्षं गाजतोय. त्याचं पाणी उचलून धुळगावला तळ्यांत शुद्ध करायचं आणि शेतीला द्यायचं अशी योजना झाली. ती चालली तर नदीला श्वास, थांबली की नाला पुन्हा नदीत. गावभागातल्या एखाद्या कुटुंबाने साधा साबण वापरायचा की हर्बल, याचा त्या पंपाच्या बटणाशी काडीचा संबंध नाही.

आता कारखान्याच्या आतलं सांगतो. शुद्धीकरण प्लँटमध्ये सगळ्यात खर्चिक वस्तू म्हणजे हवा. टाकीतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून ब्लोअर सतत चालावे लागतात. समजा 50 एचपीचा ब्लोअर आहे. रात्री 10 तास बंद ठेवला तर 370 युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तरी रात्रीचे तीन हजार, आणि पाच महिन्यांच्या हंगामात साडेचार लाख. हे गणित प्लँटच्या ऑपरेटरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. सकाळी टाकीजवळ उभं राहिलं की रात्री काय झालं ते नाकाला कळतं: नीट चाललेल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास असतो आणि रंग तपकिरी, ब्लोअर बंद राहिला असेल तर पाणी काळपट आणि वास सडक्या अंड्याचा. आता एका कारखान्याने ब्लोअर इमानदारीने चालवला आणि शेजारच्याने बंद ठेवला, तर तोट्यात कोण? इमानदार. साखरेचा भाव दोघांना सारखाच.

इथे ग्राहक काय करणार? साखर विकली जाते एस-30, एम-30 अशा दाण्याच्या प्रतीवर. 50 किलोच्या गोणीवर कारखान्याचं नाव असतं, पण दुकानदाराने गोणी फोडून पिंपात ओतली की नाव संपलं. शिवाय देशातली निम्म्याहून जास्त साखर शीतपेयं, बिस्किटं, मिठाईवाले उचलतात. तुम्ही घरात साखर बंद करून गूळ आणलात तरी कुठल्याच कारखान्याचा ब्लोअर सुरू होणार नाही. तो सुरू होतो तो दोनच गोष्टींनी: तपासणीला माणूस कधी येईल सांगता येत नाही ही धास्ती, आणि पकडलं तर विजेच्या बिलापेक्षा दंड मोठा हा हिशोब. चुकवणाऱ्याला ते महाग पडलं पाहिजे, म्हणजे इमानदाराचं नुकसान थांबतं. ऊसतोड कामगारांचंही तेच. कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, काय दर मिळतो, फडावर पाणी-संडास आहे का, पोरांची शाळा बुडते का, यातलं काहीही साखरेच्या दाण्यात उतरत नाही. बीडहून आलेली जोडी तुमच्या चहात दिसत नाही, आणि दिसावी अशी सोय करणारं लेबलही निघणार नाही.

तुम्ही म्हणाल, साखरेचं सोडा, द्राक्षाचं तरी आमच्या हातात आहे, आम्ही बघून घेतो. द्राक्षाची गोष्ट तर फारच बोलकी आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली आहे.

तासगाव, मिरज पूर्व, कवठे महांकाळ भागात एकाच शेतकऱ्याचे दोन प्लॉट असतात. एक एक्स्पोर्टचा, एक लोकलचा. एक्स्पोर्टचा प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवलेला असतो. कुठलं औषध कधी मारलं त्याची वही. फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा त्याचं वेळापत्रक. काढणीआधी बागेतून नमुना घेतात, मान्यताप्राप्त लॅबला जातो, रिपोर्टमध्ये एकही औषध मर्यादेबाहेर निघालं तर त्या प्लॉटचा माल युरोपला जात नाही. शेजारचा लोकलचा प्लॉट? तोच मालक, तीच माती, तोच फवारणीचा ब्लोअर, औषधाचं दुकानही तेच. फक्त वही नाही, नमुना नाही. आपल्याकडेही अन्नसुरक्षेच्या कायद्याने औषधाच्या उर्वरित अंशाच्या मर्यादा ठरवल्या आहेत, पण बाजारात उतरणाऱ्या गाड्यांमधून नमुने घेणारी यंत्रणा इतकी तोकडी आहे की शेतकऱ्याच्या निर्णयावर तिचा परिणाम होत नाही.

युरोपातला ग्राहक काही आपल्या ग्राहकापेक्षा शहाणा नाही. त्यालाही चाखून काही कळत नाही. तिथे फरक केला नियमाने. 2010 च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला आपले बागायतदार 'सीसीसी' म्हणतात, ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलं आणि युरोपच्या बंदरांत कंटेनर अडकले. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला, घड जास्त सुटायला ते वापरायची पद्धत होती. नुकसान जबर झालं. त्यानंतर तपासणीच्या यादीत सीसीसी आलं आणि एक्स्पोर्टच्या बागांमधला वापर बघता बघता बदलला. ना कुणी जनजागृतीची फेरी काढली, ना कुणाचं हृदयपरिवर्तन झालं. आणि आपण? आपण घरी द्राक्षं मिठाच्या पाण्यात घालतो. बाहेरची धूळ जाते, वरवरचं थोडंफार औषधही जात असेल. वेलीने आत ओढून घेतलेलं औषध मात्र मीठ काढू शकत नाही. सेंद्रियचं लेबल असलेला माल दुप्पट भावाने घेणं ज्यांना परवडतं ते घेतात, तेही विश्वासावर. ज्या बाईने ती द्राक्षं विरळणी करून, घडांचं डिपिंग करताना हात औषधात बुडवून पिकवली, तिला तो माल परवडत नाही. स्वच्छ अन्न ही निवडीची गोष्ट केली की ते पैशाची गोष्ट होतं, हा माझा या सगळ्यावरचा मुख्य आक्षेप आहे.

काही गोष्टी तर अशा असतात की निवडायला काही दिसतच नाही. पेट्रोलमधलं शिसं बघा. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारं हे शिसं दशकानुदशकं आपल्या गाड्यांच्या धुरातून उडत होतं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. तुम्ही-आम्ही पंपावर जाऊन काही वेगळं केलं नाही, केलं ते रिफायनऱ्यांनी, कारण त्यांना करावं लागलं. गिधाडांचंही तसंच. जनावराच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं देशात 99 टक्क्यांहून जास्त घटली. म्हैस आजारी पडलेल्या माणसाने गिधाडांचा विचार करून इंजेक्शन निवडावं ही अपेक्षाच चमत्कारिक. 2006 ला जनावरांसाठी ते औषध बंद केलं. लोक माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरायला लागले, तर 2015 ला त्या बाटल्यांवरही बंदी घालून एका मात्रेची छोटी कुपी सक्तीची केली. धोरणात ही भोकं बुजवत राहावी लागतात. ते कटकटीचं काम आहे, पण करायची जागा तीच.

तुमच्या प्रश्नात पर्यावरणच होतं, पण सामाजिक प्रश्नांनाही हेच लागू आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला तुमच्या विट्यापासून फार लांब नाही. तासगाव तालुक्यातलं विसापूर. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे तिथले. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात विसापूर परिसरात करून पाहिली. 1972 चा दुष्काळ आला. आमच्या पिढीला सुकडी आणि खडी फोडण्याची कामं आठवतात. तेव्हा दानशूर माणसं कमी नव्हती. गावोगाव धान्य वाटलं गेलं. पण ऐन भरात जवळपास 50 लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. तेवढ्यांना दानावर जगवता आलं असतं का? पुढे 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. दयेचा विषय हक्काचा झाला. देशाचा 2005 चा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

आणि पैसा कुठून? तुमचं पगारपत्रक काढा. व्यवसाय कर म्हणून महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. हा 1975 चा कर मुळात ग्रामीण रोजगारासाठीच आणला गेला, आणि त्यातून जितकी रक्कम गोळा होईल तितकीच सरकारने आपल्याकडून घालायची असं ठरलं. म्हणजे शहरातल्या पगारदाराने माण-खटाव, जत-आटपाडीतल्या मजुराच्या कामासाठी दरमहा पैसे दिले. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या मनात येईल तेव्हा 'दुष्काळमुक्त' छाप असलेला साबण विकत घे. पगारातून कापून घेतले, संपलं. तुम्ही आजवर खरेदी केलेल्या सगळ्या 'जबाबदार' वस्तूंपेक्षा त्या 200 रुपयांनी जास्त काम केलं असणार, आणि तुमच्या ते लक्षातही नसेल.

अजून एक गोष्ट आहे, ती जरा टोचते. कित्येकदा वैयक्तिक निवड हाच प्रश्न असतो. कृष्णा-वारणा काठच्या शेतकऱ्याने ऊस का लावला? एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराची हमी आहे, भाव पडायची भीती कमी, राखण कमी, रोज मजूर शोधायला लागत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही ऊसच लावला असता. पण प्रत्येकाने शहाणपणाने तेच केलं, पाटाने भरपूर पाणी दिलं, आणि हजारो एकर जमीन क्षारपड झाली. मीठ फुटलेल्या, पांढऱ्या पडलेल्या त्या शेतात आज कुसळही धड येत नाही. एकट्या शेतकऱ्याने पाणी कमी देऊन भागत नाही, कारण वरच्याचं पाणी खाली झिरपतं. चर काढायचे तर सगळ्या गटाने मिळून काढावे लागतात. याच्याही पुढचं उदाहरण द्यायला जड जातं. 2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे 851 मुली होत्या. प्रत्येक घराने आपापली 'निवड' केली होती. सोनोग्राफीचं केंद्र, डॉक्टर, फी, सगळं बाजारात उपलब्ध होतं. तिथे बाजाराला आवरायलाच कायदा लागला, 1988 ला महाराष्ट्रात आणि 1994 ला देशात. आणि जिथे तपासणी ढिली पडली तिथे काय झालं ते 2017 ला आपल्याच जिल्ह्यात म्हैसाळला पुरलेले भ्रूण सापडले तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं.

आता दुसरी बाजू, कारण धोरण म्हटलं की सगळं आपोआप चांगलं होतं असं मी म्हणत नाही. वाईट धोरणं भरपूर आहेत. 2018 ची प्लास्टिकबंदी घ्या. 23 मार्चला अधिसूचना, 23 जूनपासून कारवाई, पहिला दंड 5 हजार. पथकं निघाली ती भाजीवाल्या मावशींच्या टोपलीवर. दिवसाला चारशे-पाचशे कमावणाऱ्या बाईला 5 हजारांचा धाक, आणि पातळ पिशव्यांचे गठ्ठे बाहेरून ट्रकने येतच राहिले. वेफर्स, गुटखा, शांपूच्या पुड्यांना हात लागला नाही. त्या पुड्या अनेक थरांच्या असतात, भंगारवालासुद्धा घेत नाही, आणि नदीकाठी बाभळीला लटकलेल्या दिसतात त्या बहुतेक याच. हजारो विक्रेत्यांच्या मागे पळण्यापेक्षा मोजके उत्पादक गाठणं सोपं असतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व: घाण जिथे एका नळीतून येते तिथेच पकडायची, पसरल्यावर नाही. काचेच्या सोडावॉटरच्या बाटलीला डिपॉझिट असायचं तेव्हा रस्त्यावर एक बाटली पडलेली दिसत नव्हती. लोक तेव्हा जास्त संस्कारी होते म्हणून नव्हे. बाटली परत दिली की पैसे मिळायचे आणि कंपनीला ती हवी असायची.

कंपन्यांना 'तुमच्यापासून सुरुवात करा' हे वाक्य इतकं का आवडतं, हेही यात आलं. अमेरिकेत 1971 ला कचरा पाहून डोळ्यांत पाणी आलेल्या आदिवासी माणसाची जाहिरात प्रचंड गाजली. ती करणाऱ्या संस्थेमागे शीतपेयांच्या आणि वेष्टनांच्या कंपन्या होत्या. माणसाने स्वतःचा 'कार्बन फूटप्रिंट' मोजावा ही कल्पना घरोघरी पोचवण्यात ब्रिटिश पेट्रोलियमच्या जाहिरातींचा मोठा वाटा होता. तेल काढणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशोब विचारायचा. 2020 च्या टाळेबंदीत जगभर विमानं थांबली, रस्ते ओस पडले, माणसं घरात कोंडली गेली, तरी त्या वर्षी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन घटलं ते साधारण 5 टक्के. आपल्या घरातली बहुतेक वीज कोळशाची आहे, तोवर तुम्ही पंखा दोनवर ठेवा की तीनवर. एलईडी बल्बचं उदाहरण मात्र देतो, कारण तिथे ग्राहकाची निवड उपयोगी पडली. 2015 ला सरकारने घाऊक खरेदी करून वाटप सुरू केलं, तीनशेच्या घरातली खरेदी किंमत दोनेक वर्षांत चाळिशीत आली, आणि मग सगळ्यांनी 'निवडला'. आधी भाव बदलला, मन मागून आलं.

'पण सरकारच भ्रष्ट आहे, इन्स्पेक्टर पाकीट घेऊन जातो, मग?' हा पुढचा प्रश्न मला दर व्याख्यानात येतो. घेतात काही जण. पण यावर उपाय म्हणून आपण सगळ्यांनी बांबूचा टूथब्रश वापरायला लागलो तर त्या इन्स्पेक्टरला त्याहून सोयीचं काय असेल? त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसं दुकानात गुंतलेली. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामं कशी झाली हा प्रश्न फ्लॅट घेणाऱ्याच्या निवडीचा नाही. त्याने पार्किंग पाहिलं, शाळा किती लांब ते पाहिलं, कर्ज काढलं. रेषा कुठे आहे आणि ती कुणी ओलांडू दिली, हे ज्याच्या सहीवर अवलंबून होतं त्याला विचारायला लोक एकत्र यावे लागतात. आपल्या भागाला ते नवीन नाही. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं वर्षानुवर्षं जमली, तेव्हा कुठे टेंभू उपसा योजनेचं पाणी कराड तालुक्यातून वर चढून आलं. (त्या उपशाच्या विजेचा 81 टक्के भार सरकार उचलतं आणि शेतकरी 19 टक्के, त्या पाण्यावर पुन्हा ऊसच लागणार असेल तर या धोरणाशीही भांडावं लागेल, पण तो वेगळा विषय.) तुमच्याच तालुक्यात येरळेवर बलवडीचं बळीराजा धरण लोकांनी बांधलं, पाण्यात भूमिहीनांचाही वाटा ठेवला. पण त्यासाठी नदीची वाळू विकायची परवानगी सरकारशी भांडूनच मिळवावी लागली.

म्हणून मुलांना काय शिकवायचं, तर कापडी पिशवीसोबत कागद वाचायला शिकवा. तुमच्या तालुक्यातून येरळा वाहते आणि ती ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, तेव्हा सुरुवात तिच्या काठापासून करता येईल. जवळच्या एखाद्या कारखान्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मिळवा. त्यात रोज किती घनमीटर सांडपाणी निघणार, ते कुठे सोडायचं, बीओडी कितीपर्यंत चालेल, सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत त्या कारखान्याने मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म 5, भरायचं असतं. त्यात पाणी किती वापरलं आणि किती सोडलं ते येतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलांना वजाबाकी करायला लावा. शहराच्या सांडपाण्यासाठी सांगली महापालिकेचा पर्यावरण अहवाल बघा. महापालिकांनी तो दर वर्षी 31 जुलैपर्यंत सभेपुढे ठेवायचा असतो. अंदाजपत्रकात शुद्धीकरण प्लँटच्या विजेसाठी किती तरतूद आहे ती ओळ शोधा. ब्लोअर चालणार की नाही हे तिथेच कळतं. नवा कारखाना किंवा विस्तार येणार असेल आणि त्याला जनसुनावणी लागत असेल तर तिची जाहिरात 30 दिवस आधी वर्तमानपत्रात येते. तिथे लेखी हरकत द्या, तोंडी बोललेलं इतिवृत्तात विरघळून जातं.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आलं नाही तर प्रथम अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे, त्यामुळे कारखान्याचा अर्ज मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयात वेगळा द्या आणि महापालिकेचा वेगळा. "प्रदूषण का होतं" असं विचारू नका, उत्तर येत नाही. "अमुक महिन्यातल्या तपासणी अहवालांच्या प्रती द्याव्यात" असं विचारा.